स्कॉन की स्कोन? चहाबरोबरचा एक पदार्थ आणि ब्रिटनभरचे त्याचे उच्चार

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. मी मूळची सांगलीची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं नॉटिंगहॅमला काढली, त्यानंतरची अकरा वर्षं लीड्समध्ये.

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, एकट्याच. मी त्या गावात कुणालाच ओळखत नव्हते आणि नवरा दिवसभर कामावर. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "डक, चहाला ये." तिकडे ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनाच 'डक' म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यांनी ताटलीत दोन गरम गोल पदार्थ ठेवले, वर लोणी विरघळत होतं. नाव विचारलं तर म्हणाल्या, "स्कोन." आपल्या काटकोनातला 'कोन' असतो ना, साधारण तसं. पुढे दर गुरुवारी मी जात राहिले. त्यांनीच मला ते करायला शिकवलं आणि माझ्या जिभेवर तो शब्द 'स्कोन' असाच बसला.

लीड्सला आल्यावर नव्या ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाला चहा होता. मी म्हटलं, मला एक स्कोन द्या. एक सहकारी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "स्कॉन! आपण इथे स्कॉन म्हणतो." चारचौघं हसली. त्याच्या मनात वाईट नसेलही, पण मला ते फार लागलं. नवी नोकरी, नवं शहर, आणि तोंडातून निघालेला पहिलाच शब्द चुकीचा ठरला. त्यानंतर कित्येक वर्षं मी चहाच्या दुकानात काचेमागच्या पदार्थाकडे बोट दाखवून "ते एक द्या" म्हणायचे.

परवा माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आई, तू स्कोन का म्हणतेस? इथे कुणीच तसं म्हणत नाही." मग मात्र मी नीट वाचायला बसले.

२०१६ साली केंब्रिज, बर्न आणि झुरिक या विद्यापीठांतल्या भाषा-अभ्यासकांनी इंग्रजी बोलींसाठी एक मोबाइल ॲप काढलं होतं. तुम्ही कुठले आणि कोणता शब्द कसा म्हणता, एवढंच ते विचारायचं. तीस हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. त्यावरून त्यांनी स्कोनचा नकाशा काढला. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंड जवळजवळ सगळं 'स्कॉन'. मधल्या भागात, म्हणजे नॉटिंगहॅमच्या आसपास, 'स्कोन'चा जोर. दक्षिण इंग्लंड सरमिसळ. मी नकाशावर बोट ठेवून नॉटिंगहॅम ते लीड्स रेघ ओढली. गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता, आणि तेवढ्यात शब्द बदलतो. म्हणजे त्या आजीही बरोबर होत्या आणि तो सहकारीही. चूक कुणाचीच नव्हती, आणि हे मला अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुम्ही ब्रिटनमध्ये जिथे असाल तिथे काय ऐकता? आणि तुमच्या स्वतःच्या जिभेचं तुम्ही काय केलंत? मनापासून ऐकायचंय.

---

ग्रॅनाइट

फार छान धागा, ताई. मी लातूरचा, सतरा वर्षं ॲबरडीनमध्ये डॉक्टर आहे. इथे दुसरा उच्चार कानावरच पडत नाही. लहान मूल असो की नव्वदीचे आजोबा, स्कॉन म्हणजे स्कॉन.

आणि शब्दावर पहिला हक्क स्कॉटलंडचाच आहे, हे इथले लोक ठासून सांगतात. त्यात तथ्यही आहे. लिखित स्वरूपात तो पहिल्यांदा सापडतो १५१३ साली, गॅविन डग्लस या स्कॉट कवीने रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचं स्कॉट्स भाषेत भाषांतर केलं त्यात. मूळ शब्द बहुधा जुन्या डच भाषेतला, पांढऱ्या, चांगल्या प्रतीच्या पावासाठीचा.

आज दुकानात मिळतो तसा फुगलेला, भट्टीतला स्कॉन त्या काळी नव्हता. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर केली ती १८४३ साली. त्याआधीचा स्कॉन म्हणजे ओट किंवा जवाच्या पिठाची जाड, चपटी भाकरीच. तव्यावर भाजायची आणि चार तुकडे करायचे. त्या लोखंडी तव्याला इथले जुने लोक 'गर्डल' म्हणतात. माझ्या एका पेशंट आजींकडे त्यांच्या आजीचा गर्डल आहे, वर कडी असलेला, चुलीवर टांगायचा. त्यांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा मला आमच्या वाड्यातला भाकरीचा तवा आठवला. वजनही तसंच.

तव्यावरची ती परंपरा अजून टिकून आहे. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मैदा आणि लोणी घालून पातळ थापायचं आणि तव्यावर भाजायचं, तो 'टॅटी स्कॉन'. रविवारच्या न्याहारीला हवाच. बिनमसाल्याचं बटाट्याचं थालीपीठ म्हणा. दुसरा 'ड्रॉप स्कॉन', म्हणजे चमच्याने तव्यावर सोडलेली छोटी, जाड, गोड धिरडी. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर १९५९ मध्ये स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल राजवाड्यात आले होते, तेव्हा एलिझाबेथ राणीने त्यांना ती खाऊ घातली होती. पुढे जानेवारी १९६० मध्ये तिने स्वतः पत्र लिहून त्यांना कृती पाठवली. सोळा माणसांसाठीचं प्रमाण होतं, माणसं कमी असतील तर पीठ आणि दूध कमी करा, असंही तिने लिहिलं होतं.

अजून एक गंमत. इथल्या पर्थ शहराजवळ याच स्पेलिंगचं (Scone) एक गाव आहे. त्याचा उच्चार ना स्कॉन, ना स्कोन. ते 'स्कून'. स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेक ज्या शिळेवर व्हायचा ती तिथली. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये ती उचलून वेस्टमिन्स्टरला नेली. परत यायला १९९६ उजाडलं. चार्ल्स राजाच्या २०२३ च्या राज्याभिषेकाला ती पुन्हा लंडनला गेली होती, आता पर्थच्या संग्रहालयात आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेले पाहुणे बसमध्ये गावाचं नाव 'स्कोन' म्हणाले, तर ड्रायव्हरने प्रेमाने तीनदा 'स्कून' म्हणून दाखवलं.

---

खवय्या_कोथरूड

वाचतोय. पण मी कधी ब्रिटनला आलो नाही, त्यामुळे मूळ प्रश्नच राहतो. हा पदार्थ नेमका लागतो कसा? खारीसारखा? नानकटाई? की आपल्या बेकरीतला गोड बन?

---

कृष्णाकाठ

@खवय्या, यातलं काहीच नाही. खारीला पदर असतात, याला नाहीत. नानकटाई तोंडात विरघळते, हा विरघळत नाही. बनमध्ये यीस्ट असतं आणि तो लवचिक असतो, हा भुसभुशीत.

कृती सांगते, म्हणजे अंदाज येईल. आपण शंकरपाळ्याला मैद्यात मोहन चोळतो ना, तसंच, फक्त तूप गरम करायचं नाही. मैदा तयार फुगणारा, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला. लोणी फ्रीजमधलं, गारच हवं. बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं. तळहात लावायचा नाही, कारण तळहाताच्या उबेने लोणी वितळतं. शेजारच्या आजी माझे हात थंड पाण्याखाली धरायला लावायच्या आणि मगच पिठात घालू द्यायच्या. पीठ पावाच्या चुऱ्यासारखं दिसायला लागलं की साखर आणि दूध. मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. दोन सेंटिमीटर जाड थापून वाटीने गोल कापायचे आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं ठेवायचे.

चांगला जमला की मधोमध आपोआप एक भेग पडते. तिथूनच हाताने उघडायचा, सुरी लावायची नाही. आतून वाफ येते. चव फार गोड नसते, कारण गोडवा वरच्या जॅमचा असतो. काहींमध्ये बेदाणे असतात, चीज घातलेला तिखटामिठाचाही मिळतो.

---

शब्दवेडा

उत्तम विषय. उच्चाराबद्दल थोडं.

स्पेलिंग बघून निकाल लागेल असं कुणाला वाटत असेल तर तो लागत नाही. शेवटी o-n-e हीच तीन अक्षरं असलेले इंग्रजी शब्द एका ओळीत म्हणून बघा: वन, नन, डन, गॉन, शॉन, बोन, स्टोन. तीन वेगवेगळे स्वर, आणि 'शॉन' म्हणजे चमकला, तोच शब्द अमेरिकेत 'शोन' होतो. त्यामुळे "लिहिलंय तसं वाचा" या युक्तिवादाला इंग्रजीत काही अर्थ नाही. स्कॉनवाले 'गॉन'कडे बोट दाखवतात, स्कोनवाले 'बोन'कडे.

इथे आपल्या लिपीचं मला कौतुक वाटतं. इंग्रजांना हे भांडण लिहायचं तर "अमुक शब्दाशी यमक जुळणारा" असं सांगावं लागतं. आपण ताईंसारखं 'स्कॉन' आणि 'स्कोन' लिहिलं की सांगलीतल्या शाळकरी मुलालाही फरक कळतो. तेही पूर्वापार नव्हतं बरं का. 'ऑ'ची ती चंद्रकोर आपण इंग्रजी शब्दांसाठी घेतली. जुन्या छापील मराठीत 'डाक्टर', 'कालेज' असं दिसतं आणि गावाकडे अजून 'डाक्टर'च म्हणतात. माझे आजोबा असते तर त्यांनी सरळ 'स्कान' म्हटलं असतं.

---

लेस्टरची_मावशी

मी लेस्टरला एकोणीस वर्षं. आमच्याकडे दोन्ही ऐकू येतं, पण जुन्या लोकांच्या तोंडी स्कोन जास्त. कृष्णाकाठ, तुझ्या आजींचं ते 'डक' वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली रोज तसंच म्हणते.

मला सामाजिक वर्गाबद्दल बोलायचंय, कारण या शब्दामागे ती भीती लपलेली आहे. इथे येऊन सुरुवातीला मला वाटायचं की स्कोन म्हणजे उच्चभ्रू उच्चार. लांब स्वर, ऐटबाज. माझ्या मैत्रिणीला नेमकं उलटं वाटायचं. पुढे इंग्रज मैत्रिणींना विचारलं तर त्यांच्यातही तेच. प्रत्येकीची खात्री, की दुसरा उच्चार आहे तो शिष्टांचा. २०१६ मध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या यूगव्ह कंपनीने ब्रिटनभर विचारलं, तेव्हा ५१ टक्के लोक स्कॉन म्हणाले, ४२ टक्के स्कोन. वरच्या वर्गात स्कॉनचं प्रमाण थोडं जास्त निघालं, पण इतकंही नाही की त्यावरून कुणाची पत ठरवावी. आणि स्कॉटलंडमधला खाणकामगार काय किंवा सरदार काय, दोघंही स्कॉनच म्हणणार. मग वर्ग कुठे राहिला?

इथल्या माणसाच्या तोंडून दोन वाक्यं ऐकली की दुसरा माणूस त्याचं गाव, शाळा आणि बापाचा धंदा मनात मांडून मोकळा होतो. आपण बाहेरून आलेले, आपल्याला ते दिसत नाही, म्हणून आपण बिनधास्त असतो. आणि मग एक दिवस कुणीतरी हसतं. तेव्हा समजतं की त्या हसण्याचा पदार्थाशी काही संबंध नव्हता.

---

रोखठोक

मी लंडन, हॅरो. थोडं वेगळं मत मांडतो, कुणी राग मानू नये.

ज्या गावात राहायचं त्या गावासारखं बोलावं. मी २००४ मध्ये आलो तेव्हा मुलाखतींत माझं बोलणं समोरच्यांना पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. रोज रात्री रेडिओ लावून, एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणायचो. सहा महिने केलं, नोकरी लागली. त्याची मला लाज नाही, अभिमान आहे. लीड्समध्ये सगळे स्कॉन म्हणत असतील तर ताईंनी स्कॉन म्हणावं, विषय संपला. यात आपली ओळख वगैरे कुठे हरवत नाही. आपली ओळख मराठी आहे, ती घरात आहे.

---

कृष्णाकाठ

@रोखठोक, राग कसला. तुम्ही रात्री रेडिओ लावून मेहनत केलीत, ते वाचून आदरच वाटला. कामाच्या ठिकाणी समोरच्याला समजेल असं बोलावं, हे मलाही पटतं. पण 'स्कोन' म्हटल्यावर कुणाला समजत नाही, असं या देशात कुठेच होत नाही. लीड्समधल्या त्या माणसालाही समजलंच होतं.

आणि घराचं म्हणाल, तर त्या आजी माझं घरच होत्या. पहिल्या बाळंतपणात माझी आई व्हिसासाठी अडकून पडली होती. दवाखान्यात माझ्या उशाशी त्या बसल्या होत्या. त्या गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्याकडून माझ्याकडे काय आलं, तर एक पीठ चाळायची चाळणी आणि हा एक शब्द. तो मी सोडणार नाही.

---

रोखठोक

ताई, हे माहीत नव्हतं. मग ठेवाच तो शब्द. माझा मुद्दा माझ्यापुरता.

---

तामारतीर

प्लिमथहून. आमच्याकडे उच्चारावरून कुणी भांडत नाही, दोन्ही चालतात. आमच्याकडचं भांडण दुसरंच आहे: आधी क्रीम की आधी जॅम.

प्लिमथ डेव्हनमध्ये. शेजारून टामार नदी वाहते, पूल ओलांडला की कॉर्नवॉल. डेव्हनमध्ये स्कोनच्या अर्ध्यावर आधी क्रीम फासतात, लोण्यासारखं, आणि वर जॅम. पलीकडे आधी जॅम, त्यावर क्रीमचा गोळा. माझी नोकरी पलीकडे सॉल्टॅशला आणि घर अलीकडे, त्यामुळे मी दोन्हीकडे पाहुण्यासारखी वागते. ज्याच्या टेबलावर बसले त्याची रीत.

क्रीम म्हणजे इथली 'क्लॉटेड' क्रीम, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ती साय आहे. साईचं दूध मंद आचेवर तासन् तास ठेवतात, मग गार होऊ देतात, वर जाड पिवळसर थर धरतो तो काढून घ्यायचा. कॉर्नवॉलच्या सायीला १९९८ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं, आणि निदान ५५ टक्के स्निग्धांश हवा अशी अट आहे. माझी आई इकडे आली तेव्हा तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर दुधाच्या पातेल्यावरची साय, नुसती साखर घालून दे मला."

इथले जुने लोक सांगतात की पूर्वी क्रीमबरोबर स्कोन नसायचाच, 'स्प्लिट' असायचा. यीस्टचा छोटा मऊ पाव. त्यावर साय आणि काळा पाक घातला की त्याला 'वीज आणि गडगडाट' म्हणायचे. स्कोन वरून, उत्तरेकडून आला आणि स्प्लिटची जागा घेऊन बसला. आता स्प्लिट शोधावा लागतो.

अजून एक सांगते, कारण ते माझ्या मनातून जात नाही. नॅशनल ट्रस्ट म्हणजे जुने वाडे, बागा, किनारे सांभाळणारी संस्था. तिच्या पुष्कळ ठिकाणी चहाची खोली असते आणि तिथे स्कोन मिळतो. एका बाईंनी २०१३ मध्ये ठरवलं की अशा प्रत्येक ठिकाणी जाऊन स्कोन खायचा. नवऱ्याबरोबर सुरू केलं. नवरा मध्येच कॅन्सरने गेला. त्यांनी एकटीने चालू ठेवलं आणि २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला २४४वा स्कोन खाऊन ते पूर्ण केलं. मी ती बातमी वाचली त्या दिवशी कामावर लक्ष लागलं नाही.

---

डब्लिनवासी

आयर्लंडचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. माझ्या ऑफिसात कॉर्क आणि डब्लिनचे लोक स्कोन म्हणतात. बेलफास्टची एकजण आहे, ती स्कॉन. उत्तर आयर्लंडमध्ये स्कॉटलंडहून लोक येऊन वसले सतराव्या शतकात, त्यांच्या बोलण्यात स्कॉटिश वळण अजून ऐकू येतं, त्यामुळे नवल वाटत नाही. केंब्रिजच्या नकाशातही बेटाचा उत्तर आणि दक्षिण भाग असेच वेगळे दिसतात.

---

सुलभाताई_सातारा

मी मुलाकडे मँचेस्टरला सहा महिने राहून आले. वय सदुसष्ट. मला स्कॉन-स्कोनचं फारसं समजत नव्हतं, पण 'टी' या शब्दाने मात्र आमची पंचाईत केली होती.

नातवाच्या मित्राच्या आईने शाळेच्या दारात सांगितलं की गुरुवारी त्याला 'टी'ला पाठवा. मी म्हटलं, चहाला बोलावलंय, चार वाजता भुकेला जायला नको. म्हणून त्याला वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी असं पोटभर जेवू घालून धाडलं. साडेपाचला त्या बाईंचा फोन, पोरगं काहीच खात नाही, बरं नाही का? त्यांनी मासे, वाटाणे आणि बटाट्याचं मांडलं होतं. मुलगा घरी आल्यावर समजलं की तिकडे उत्तरेला 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं. मला त्या बाईंचं वाईट वाटलं, एवढं रांधून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे रव्याचे लाडू घेऊन गेले.

पावाचंही तसंच. एका गोल पावाला मँचेस्टरला 'बार्म', सूनबाईंच्या मैत्रिणीकडे यॉर्कशरला 'ब्रेडकेक', आणि लेस्टरच्या मावशी, तुमच्याकडे बहुतेक 'कॉब' ना?

आमच्याकडे साताऱ्याला 'च्या' म्हणायचे सगळे. "च्या टाक गं." मी पुण्याला कॉलेजला गेले तेव्हा मुली म्हणाल्या, चहा म्हण. म्हणायला लागले. पण आजही कुणी दमून दारात आलं की तोंडातून 'च्या'च निघतं. कृष्णाकाठ, तुझं म्हणणं मला कळतं.

---

लेस्टरची_मावशी

सुलभाताई, हो, कॉबच! कॉव्हेंट्रीला गेलात तर 'बॅच'. पाव तोच.

---

शब्दवेडा

सुलभाताईंचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट आठवली आणि ती कृष्णाकाठ यांच्या उपयोगाची आहे.

तुम्ही 'काटकोनातला कोन' असं लिहिलंत. आपला 'ओ' एकसंध असतो, तोंडाचा आकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच. दक्षिण इंग्लंडचा 'ओ' तसा नसतो, तो 'अ'कडून 'उ'कडे सरकतो. लंडनचा माणूस म्हणतो ते खरं तर 'स्कउन'च्या जवळचं. पण यॉर्कशरमधले जुन्या वळणाचे लोक 'होम', 'रोड', 'डोन्ट' कसे म्हणतात ते कान देऊन ऐका. सरळ, लांब, एकसंध 'ओ'. अगदी आपल्यासारखा. स्कॉटलंडमध्येही तसाच.

म्हणजे तुमच्या 'स्कोन'मध्ये निवड नॉटिंगहॅमची आहे आणि स्वर सांगलीचा. तो स्वर लीड्सच्या मातीतही सापडतो. शेजारच्या हल शहरात गेलात तर आणखी वेगळं, तिथे 'फोन' म्हटलेलं बाहेरच्याला 'फर्न' ऐकू येतं.

तुमच्या लीड्सला या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. तिथल्या विद्यापीठातल्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी माणसं पाठवली. बहुतेक खेडी. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तासन् तास प्रश्न विचारून त्यांचे शब्द आणि उच्चार टिपून घेतले. यंत्रं आणि रस्ते वाढले की हे बोलणं जाईल, ही त्यांची धास्ती होती. पुष्कळसं गेलंही. केंब्रिजच्या ॲपने नवे उच्चार याच जुन्या नोंदींशी ताडून बघितले.

लिपीबद्दल मी वर जे कौतुक केलं त्यात एक दुरुस्ती करतो. आपलीही लिपी सगळं सांगत नाही. 'जग' हा शब्द लिहा. दुनिया या अर्थी एक 'ज', आणि 'शंभर वर्षं जग' म्हणताना दुसरा 'ज'. अक्षर एकच. आपल्याला कुणी शिकवलं? आईने, तेही न शिकवता. परदेशात वाढणारी आपली मुलं नेमकी तिथेच अडखळतात, आणि आपण हसतो. कृष्णाकाठ यांचा अनुभव वाचल्यापासून मी पुतण्याला हसणं बंद केलंय.

---

कृष्णाकाठ

@शब्दवेडा, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. मग आम्ही दोघींनी खिडकीशी उभं राहून 'ओ' म्हणून बघितला, एकमेकींचं तोंड बघत. तिचा आणि माझा सारखाच निघाला. काल आमच्या गल्लीत दूध टाकणारे काका भेटले, जन्मापासून लीड्सचे. त्यांना 'रोड' म्हणायला लावलं. तोही तसाच!

आज रविवारची मराठी शाळा होती. घरी येऊन लेकीने माझ्या कृतींच्या वहीत त्या आजींच्या पानावर 'स्कोन' लिहिलेलं होतं, त्याच्या खाली पेन्सिलीने 'स्कॉन' लिहिलं. चंद्रकोर उलटी काढली आधी, मग खोडून सुलटी केली.

---

खवय्या_कोथरूड

मंडळी, अहवाल देतो. करून बघितले. तयार फुगणारा मैदा इथे जवळ मिळाला नाही, म्हणून साध्या मैद्यात बेकिंग पावडर घातली. चव सुरेख. घरी साय होतीच, स्ट्रॉबेरीचा जॅम महाबळेश्वरचा. पण सगळे एका बाजूला कलले, पिसाच्या मनोऱ्यासारखे. कुठे चुकलं?

---

कृष्णाकाठ

अरे वा! वाटी फिरवून काढलीत ना? तिथेच चुकतं. वाटी फिरवली की कापाची कड दाबली जाते आणि ती बाजू फुगत नाही. धारदार कडेची वाटी पिठात बुडवून घ्यायची, सरळ खाली दाबायची आणि सरळ वर उचलायची. साध्या मैद्याला दीडशे ग्रॅममागे दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर पुरते. २२५ ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर आणि साधारण १५० मिली दूध. दूध एकदम ओतू नका. ओव्हन २२० ला आधीपासून तापलेला हवा, आणि थापलेल्या गोलांच्या बाजूंना दूध ओघळू देऊ नका, फक्त वरून बोटाने लावायचं. पुढच्या वेळी सरळ येतील.